माझं प्रवचन, सगुणाबाईंच्या तोंडून

"एका शाळेत एक गुरुजी होते," एवढंच मी म्हणालो आणि पहिल्या बाकावर बसलेल्या सगुणाबाई रणनवरे फस्सकन हसल्या.

विनोद अजून यायचा होता. गुरुजींनी वर्गातल्या मेंढपाळाच्या पोराला अजून उभं केलं नव्हतं. 'कुंपणात दहा मेंढरं आहेत, त्यातलं एक उडी मारून पळालं तर किती राहिली?' असं विचारलंही नव्हतं. आणि सगुणाबाई तोंडाला पदर लावून गदगदा हलत होत्या. मी घाईघाईने गोष्ट पुढे रेटली.

"पोरगं म्हणालं, एकही राहणार नाही. गुरुजी म्हणाले, गाढवा, तुला..."

"गणित येत न्हाई!" सगुणाबाई म्हणाल्या.

"...गणित येत नाही. त्यावर पोरगं म्हणालं..."

"गुरुजी, तुमाला गणित येतं, पर मेंढरं ठावं न्हाईत!"

हे त्यांनी इतक्या मोठ्यांदा सांगितलं की मंडळीचे सेक्रेटरी भिंगारदिवे मास्तर दचकून जागे झाले आणि 'आमेन' म्हणाले.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. मी मांडवखेडच्या चर्चचा पाळक होतो, वय सदतीस, सेवेला बारा वर्षं झालेली. त्या सकाळी मला घाम का फुटला, हे सांगायचं तर माझ्या हिरव्या ट्रंकेबद्दल सांगावं लागेल.

आमच्याकडे पाळकाची दर तीन वर्षांनी बदली होते. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी मी दर रविवारसाठी नवं प्रवचन लिहिलं. कंदिलाच्या उजेडात, गुडघे टेकून, कधी कधी रडतसुद्धा. तीन वर्षांत दीडशे प्रवचनं झाली. त्यांच्यावर नंबर घातले आणि ती ट्रंकेत ठेवली. दुसऱ्या गावी गेल्यावर लक्षात आलं की इथे तर ही कुणीच ऐकलेली नाहीत! मग काय, रविवारी सकाळी ट्रंक उघडायची, वरचा कागद उचलायचा, चहा घेता घेता नजर फिरवायची. दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच. मांडवखेड माझं चौथं गाव. हळूहळू प्रार्थनाही तशाच पाठ झाल्या. आजाऱ्याची वेगळी, बारशाची वेगळी, नव्या घराची वेगळी. एकदा नव्या घरात आजाऱ्याची केली, तेव्हा घरमालक जरा नाराज झाला होता, तेवढंच.

मांडवखेडची तीन वर्षं ऑक्टोबरात संपली. दीडशेवा कागद वाचून झाला. मी सामान बांधायला सुतळी आणली आणि आमच्या चर्चच्या जिल्हा अधीक्षकांचं पत्र आलं: 'पुढील आदेश होईपर्यंत आपण मांडवखेड येथेच राहावे.'

"आता हो?" माझी बायको रूथ म्हणाली.

"आता काय! एक नंबरपासून पुन्हा."

"लोकांना कळेल."

"रूथ, लोक झोपलेले असतात."

हे खरंच होतं. दगडी चर्च, उंच छप्पर, गार फरशी. माझं 'प्रियजनहो' ऐकलं की अर्धी मंडळी मान टाकत असे. कुणाला दोष देणार? मी स्वतः जागा राहायचो तो केवळ उभा असल्यामुळे. सत्तरी गाठलेल्या सगुणाबाई मात्र झोपत नसत, आणि हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. त्यांनी तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काम केलं होतं. त्यांना अक्षर येत नव्हतं. बाईंना लिहिता येत नाही म्हणून त्या सगळं ध्यानात ठेवतात, हे कळायला मला चौथं वर्ष उजाडावं लागलं.

उपासना संपली. मी दारात उभा राहून एकेकाला सलाम करत होतो. सगुणाबाई शेवटी आल्या.

"सलाम सायेब. मेंढराचं पुन्हा सांगितलं, लई ब्येस केलं."

"हो... म्हणजे... काही संदेश पुन्हा द्यावे लागतात, बाई."

"पर मागल्या खेपेला सांगताना तुमचा आवाज कापत व्हता. डोळ्यातनं पानी गळत व्हतं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "आज न्हाई गळलं."

त्या गेल्या. मी आठवून पाहिलं. तीन वर्षांपूर्वीचा तो रविवार मला चांगला आठवत होता. मला भयंकर सर्दी झाली होती.

जेवताना रूथला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. तिने माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "त्यांना वाटलं तुम्हांला आतून भरून आलंय. बिचाऱ्या."

"त्या बिचाऱ्या? मी बिचारा! बाईंनी हे चर्चच्या पंचकमिटीत सांगितलं तर?"

"मग नवं लिहा."

"लिहीन की. त्यात काय."

सोमवारी सकाळी कागद घेऊन बसलो. वर 'प्रियजनहो' लिहिलं. ते खोडून 'प्रिय बंधुभगिनींनो' केलं. दुपारी पुन्हा 'प्रियजनहो' केलं. मंगळवारी पेन साफ केलं. बुधवारी गुडघे टेकले, डोळे मिटले आणि मनात शब्द आले ते बारशाच्या प्रार्थनेतले. गुरुवारी मला भीती वाटली. ती खरी भीती होती, आणि ती पंचकमिटीची नव्हती. मी शोधत होतो आणि आत काहीच सापडत नव्हतं. बायको म्हणते 'अमुक डब्यात साखर आहे', आपण झाकण काढतो आणि नुसता डबा निघतो, तसं. बारा वर्षं मी ज्याच्या नावाने बोलत होतो, त्याच्याशी माझं बोलणं कधी थांबलं, हेही मला सांगता येईना.

शुक्रवारी मी नंबर दोनचा कागद काढला.

तोही सगुणाबाईंना पाठ होता. त्या ओठ हलवत होत्या, माझ्या अर्धा शब्द पुढे. मी एक परिच्छेद गाळला तर त्यांनी चमकून वर पाहिलं, एखाद्याने जिन्याची पायरी चुकवावी तसं. तिसऱ्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "बाई, संडे स्कूलच्या लहान मुलांना सांभाळायला कुणीतरी हवंय. प्रवचनाच्या वेळी तुम्ही मागच्या खोलीत बसाल का?"

"बसंन की," त्या म्हणाल्या. "पर दार उघडं ठिवा. तुमचं ऐकू आलं पाहिजे."

दार उघडं ठेवलं. त्यामुळे पोरंही ऐकू लागली आणि दर विनोदाच्या वेळी सुटणारं हसू आता मागच्या खोलीतून पंधरा गळ्यांनी येऊ लागलं, कारण बाईंनी त्यांना तो आधीच सांगून ठेवलेला असे.

नोव्हेंबर संपता संपता पत्र आलं. जिल्हा अधीक्षक रेव्हरंड शिरसाठ नाताळच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी मांडवखेडला भेट देणार होते. मी ते उपासनेत वाचून दाखवलं. दारात सगुणाबाईंनी माझा हात धरला.

"शिरसाठ सायेब येनार व्हय? बरं झालं. मला त्यांच्या कानावर येक गोष्ट घालायचीये."

"कसली गोष्ट?" मी विचारलं.

"हाय येक. त्यांनाच सांगंन. तुमच्याबी फायद्याचीच हाय."

जगात ज्या ज्या गोष्टी माणसाच्या फायद्याच्या म्हणून सांगितल्या जातात, त्या आठवून मी आठवडाभर झोपलो नाही. शेवटी ठरवलं की बाईंना त्यांच्या घरी जाऊन गाठायचं आणि सरळ विनवायचं. अधीक्षक यायच्या आधीच्या रविवारी मी हट्टाने एक नवं प्रवचन केलं. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखातून थोडं, जुन्या डायरीतून थोडं, थोडं शेजारच्या गावच्या पाळकांचं. ते इतकं वाईट झालं की भिंगारदिवे मास्तरांना झोपसुद्धा लागली नाही. ते शेवटपर्यंत अस्वस्थ होऊन माझ्याकडे पाहत होते.

त्याच दुपारी सायकल काढली आणि सगुणाबाईंच्या घरी गेलो. दाराला कडी होती. शेजारीण ज्वारी पाखडत बसली होती.

"बाई घरी न्हाईत. आज रविवार न्हाई का? त्या खाणीकडं गेल्यात."

"खाणीकडे? कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी माझ्या स्वतःच्या घराचा पत्ता विचारला होता. "दर रविवारी जात्यात. तुमी पाळकसाहेब ना?"

गावाबाहेर तीन मैलांवर बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या कडेला कुष्ठरोग्यांची वस्ती होती, तीस-पस्तीस माणसांची. आमचे लोक तिला 'पलीकडची वस्ती' म्हणत. तिथली निम्मी माणसं आमच्याच नोंदवहीतली, बाप्तिस्मा झालेली. पूर्वी ती चर्चला येत. मग कुणीतरी बाक सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलं, मग आणखी कुणीतरी. कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. पण कुणी 'या' म्हणायलाही गेलं नाही. सव्वातीन वर्षांत मीही गेलो नव्हतो. वार्षिक अहवालात 'पलीकडची वस्ती' असा एक रकाना होता, त्यात मी 'निरंक' लिहीत असे.

कच्च्या रस्त्याने सायकल रेटत निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. वस्तीजवळ आलो तेव्हा आधी ऐकू आला तो माझाच खाकरा. दोनदा खाकरणं, मग थोडं थांबणं. ही माझी सवय. मी बाभळीच्या आडोशाला उतरलो आणि डोकावलो.

लिंबाखाली माणसं बसली होती. कुणाच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, कुणाची बोटं झडलेली, एक-दोघांना दिसत नसावं. मधोमध एका दगडावर सगुणाबाई उभ्या होत्या. त्यांनी नाकावरचा, मुळात नसलेला चष्मा दोन बोटांनी वर सरकवला आणि म्हणाल्या, "प्रियजनहोऽऽ!"

सगळे खूश होऊन हसले. मी ओशाळून गेलो. 'हो' मी तसाच लांबवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"आज सायेबांचं प्रवचन जरा आळणी झालं," सगुणाबाई पुढे म्हणाल्या. "तब्येत बरी नसंल. दोष धरायचा न्हाई. तवा आज जुन्यातलं सांगते. कंचं सांगू?"

"मेंढराचं!" चारपाच जण एकदम म्हणाले.

"दिवाळीमागंच सांगितलं की."

"मेंढराचंच व्हऊ द्या बाई!"

मग त्यांनी माझं प्रवचन नंबर एक सांगायला सुरुवात केली. विनोद आला, तो मी सांगतो त्यापेक्षा चांगला आला. मग मेंढपाळ शंभरातलं एक मेंढरू शोधायला निघाला. माझ्या कागदावर इथे एक ओळ होती: 'त्याने अतिशय कष्टाने त्याचा शोध घेतला.' बारा वर्षं ती ओळ मी चार गावांत वाचली होती.

"निघाला," सगुणाबाई म्हणाल्या. "अंधार पडाय लागला. बाभळबनात शिरला आन् पायात काटा मोडला, ह्यो येवढा. तिथंच बसला, काटा काढला, थुंका लावला, पुन्यांदा उठला. हाका मारून मारून घसा बसला. मेंढरू ऐकत व्हतं बरं का! पर वो देईना. का देईना?"

"भ्यालं आसंल," एक म्हातारी म्हणाली.

"भ्यालं. आन् लाजलंबी. म्हनलं, माझ्या अंगाला घान येती, मला कशाला उचलतंय कुनी. तर हा गेला, उचललं, घेतलं खांद्यावर. आन् त्या मेंढरानं काय केलं? मुतलं की त्याच्या अंगावर!"

वस्ती खदाखदा हसली.

"मानेवरनं पाटीत, पाटीतनं धोतरात. ह्यो रागावला का? न्हाई! म्हनला, मुत बाबा, मुत. घावलास ते बास झालं."

कुणी हसायचं थांबलं नव्हतं. तरी काहींनी डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांतून पाणी गळलं, आणि त्या दिवशी मला सर्दी नव्हती.

तेवढ्यात माझी सायकल बाभळीवरून घसरली आणि घंटी वाजवत आडवी झाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सगुणाबाईंनी कपाळावर हात धरून डोळे बारीक केले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पळून जाण्याचा माझा विचार जागच्या जागी विरला.

"आलं! म्हनलं नव्हतं मी? सवड झाली की येत्याल म्हनून! पाळकसाहेब आलं!"

जे उठू शकत होते ते उठले. वस्तीत एकच खुर्ची होती, ती आणली गेली. मला तिच्यावर बसवलं. एका दणकट म्हाताऱ्याने पुढे येऊन सलाम केला. त्याचं नाव गेनबा. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट तेवढं शिल्लक होतं.

"सायेब, तीन वर्सं तुमी आमाला संदेश धाडताय. कामाच्या रगाड्यात आमची सय ठेवताय. बाई सांगत्यात, तुमी रातध्याड आमच्यासाठी प्रार्थना करताय."

मी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत होत्या.

"दोन शब्द सांगा सायेब," गेनबा म्हणाला.

मी उठलो. खिशात कागद नव्हता. दोनदा खाकरलो, थांबलो, चष्मा सरकवला. "प्रियजनहोऽऽ," म्हणालो.

एकच हशा उसळला. "आगदी तसंच!" ती मघाची म्हातारी आनंदाने म्हणाली. "आगदी बाईंवानीच म्हनत्यात की वो!"

मीही हसलो. दुसरं काय करणार? आणि हसता हसता पुढचा शब्द सुचेना. मी खाली बसलो. खुर्चीवर नाही, लिंबाखाली त्यांच्यातच.

"मला आज काही येत नाही," मी म्हणालो. "खरं सांगतो. तुम्हीच काहीतरी सांगा."

कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही. गेनबाने थोडा विचार केला.

"मंग येक इचारू का? लई दिसापास्नं मनात हाय. त्यो मेंढपाळ येवढ्या राती परत आला. सगळी मेंढरं बघाय धावली, शेजारपाजार गोळा झाला, आनंद केला. समदं खरं. पर त्याला कुनी जेवलास का म्हनून इचारलं का?"

बारा वर्षं सेवा, त्याआधी तीन वर्षं ईश्वरविज्ञानाचं शिक्षण. हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता.

"ठाऊक नाही, गेनबा," मी म्हणालो.

"इचाराय पायजे व्हतं," तो म्हणाला. मग एकदम त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "आन् सायेब, तुमी जेवलाय का?"

मी जेवलो नव्हतो. सगुणाबाईंना गाठायच्या घाईत ताटावरून उठलो होतो. तसं मी म्हणालोही, आणि म्हणाल्यावर कळलं काय बोलून बसलो ते. मघाची म्हातारी आत गेली आणि तिच्या अर्ध्या बोटांच्या हातांनी थापलेली भाकर घेऊन आली. वर लसणाची चटणी.

मी खोटं सांगणार नाही. माझा हात थांबला. दवाखान्यातले डॉक्टर दहादा सांगत की असा जेवणातून हा रोग होत नाही, औषध घेणाऱ्यापासून तर मुळीच नाही. ते मला मंडळीपुढे वाचून दाखवायला ठीक होतं. म्हातारी भाकर धरून उभी होती. तिला सवय असावी. ती भाकर जरा मागे घेत हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब, घरी जेवा."

त्या 'ऱ्हाऊ द्या'त जराही राग नव्हता. तेच मला सोसेना. मी तिच्या हातातून भाकर घेतली, मोडली आणि खाल्ली. मग दुसरी मागून घेतली. चटणी जहाल होती. गेनबा समोर बसून, एखादा बाप पोराकडे पाहतो तसा, शेवटचा घास संपेपर्यंत पाहत होता.

परतताना मी सायकल हातात धरून सगुणाबाईंबरोबर चालत होतो. त्या गुडघ्यावर हात टेकत टेकत चालत होत्या.

"बाई, तीच तीच प्रवचनं ऐकून तुम्हांला कंटाळा नाही आला? राग नाही आला?"

"राग? दुसऱ्यांदा सांगितलीत ते माझ्यावर उपकार झालं. पयल्या येळी थोडं सुटलं व्हतं. तिथं जाऊन मला पदरचं घालावं लागत व्हतं."

"मुतायचं तुमच्या पदरचं?"

"ते पदरचंच," त्या म्हणाल्या. "तुमाला आवडलं न्हाई का?"

"फार आवडलं."

घरी आलो तेव्हा रूथ ताट झाकून बसली होती. जेवून आलो म्हटल्यावर 'कुठे' विचारलं. मी सांगितलं. तिने झाकलेलं ताट उचललं. मग म्हणाली, "मलाही न्यायचं होतं."

त्या रात्री आम्ही दोघांनी गुडघे टेकले. मला एकच वाक्य सुचलं, तेही धड नव्हतं. पण ते पाठ केलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी रेव्हरंड शिरसाठ आले. उपदेश त्यांनीच केला, त्यामुळे मी वाचलो. उपासनेनंतर मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो: ते, मी आणि भिंगारदिवे मास्तर. शिरसाठसाहेबांनी फायलीतून एक फुलस्केप कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"ओहोळ, तुमची बदली मी या कागदामुळे थांबवली. आणि मला तुमच्याकडून खुलासा हवाय. इतकं काम केलंत आणि अहवालात 'निरंक' लिहिता?"

मी कागद वाचला. अक्षर भिंगारदिवे मास्तरांचं, वळणदार. 'आमचे पाळकसाहेब आम्हांवर फार माया करतात. दर रविवारी आमच्यासाठी संदेश देतात. आम्हांला कोणी नव्हते, त्यांनी आम्हांला आपले म्हटले. तरी त्यांस येथून नेऊ नये, ही विनंती.' खाली एकतीस ठसे होते. काही अंगठ्यांचे. काही दुसऱ्याच कुठल्या बोटाचे. तीनचार नुसतेच गोल शाईचे डाग, कारण तिथे टेकवायला बोटच नव्हतं.

"मला वाटलं तुम्ही गुपचूप जाता," भिंगारदिवे मास्तर हळूच म्हणाले. "दानधर्म या हाताचा त्या हाताला कळू नये म्हणतात, तसं. म्हणून मी काही बोललो नाही. सगुणाबाईंनी सांगितलं, मी लिहिलं."

गप्प बसलो असतो तर सहज निभावलं असतं. पाठीवर थापही पडली असती. दारातून सगुणाबाई आत यायला आतुरलेल्या दिसत होत्या.

"साहेब," मी म्हणालो, "हे खरं नाही. मी तिथे सव्वातीन वर्षांत पहिल्यांदा गेलो तो मागच्या रविवारी. तेही बाभळीआड लपून ऐकायला. संदेश सगळे या सगुणाबाईंनी नेले. आणि ते संदेशसुद्धा मी दहा-बारा वर्षांपूर्वीचे वाचत होतो."

शिरसाठसाहेबांनी चष्मा काढला. भिंगारदिवे मास्तर इतके जागे मी कधीच पाहिले नव्हते.

"म्हणजे या कागदावर लिहिलंय ते खोटं?"

"खोटं."

"खोटं कसं वो?" सगुणाबाई आत येत ठणकावून म्हणाल्या. "खोटं न्हाई शिरसाठ सायेब. जरा आगाव लिव्हलंय, येवढंच."

शिरसाठसाहेबांचे खांदे हलायला लागले. ते हसू दाबत आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दाबायचं सोडून दिलं. खूप हसले. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि कागद फायलीत न ठेवता माझ्याकडे सरकवला. "हा तुमच्याकडे असू द्या. ओहोळ, आता तुम्हांला या कागदामागून धावावं लागेल. बाई, तुम्हांला काही सांगायचं होतं म्हणे?"

"व्हय. माझं गुडघं गेलं सायेब. तीन मैल जानं न् तीन मैल येनं आता व्हईना. तिकडं संदेश न्यायला कुनीतरी तरना मानूस नेमून द्या. ह्ये तुमच्या पाळकांनाबी सोपं पडंल."

ही ती गोष्ट. हिच्या भीतीने मी आठवडाभर जागलो होतो.

"मी जातो," मी म्हणालो.

सगुणाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमंल? तिथं कुनी झोपत न्हाई बरं का. प्रश्न इचारत्यात."

पुढच्या रविवारी दुपारी रूथला सायकलवर मागे बसवून मी खाणीकडे गेलो. सगुणाबाईंना भिंगारदिवे मास्तरांनी शेजारच्याची बैलगाडी मागून आणलं, आणि 'आलोच आहे तर' म्हणून स्वतःही गाडीतून उतरले. एका बाजूला, जरा अंतर राखून, रुमालावर बसले. मी लिंबाखाली उभा राहिलो. हातात कागद नव्हता. दोनदा अडखळलो, एकदा एकच वाक्य तीनदा म्हणालो. देवाशी माझं बोलणं कसं बंद पडलं होतं ते सांगितलं. मध्येच गेनबाने प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला आलं नाही, ते मास्तरांनी द्यायचा प्रयत्न केला आणि त्यांनाही आलं नाही. उत्तर देण्याच्या नादात ते रुमाल सोडून पुढे सरकले होते. सात-आठ मिनिटांत माझं सगळं संपलं.

सगुणाबाई बैलगाडीच्या चाकाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहतात, तसा.

"कसं झालं, बाई?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"जरा कच्चं व्हतं सायेब," त्या म्हणाल्या. "पर गरम व्हतं."